गाडीला बॅटरी कट-ऑफ स्विच बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्याकडे वर्षातून दोनदा या प्रश्नांची रांग लागते. एकदा साखर कारखान्यांचा हंगाम संपून ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभे राहतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पंचगंगेचं पाणी चढायला लागतं तेव्हा. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते एका जागी मांडले आहेत. आधी साधे, नंतर अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किल्ली काढली की गाडी बंदच असते ना? मग हा वेगळा स्विच कशाला?

किल्ली काढली तरी गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, रिमोटचा रिसिव्हर, अलार्म, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) मेमरी, नंतर बसवलेला जीपीएस, हे सगळे थोडा थोडा करंट ओढत राहतात. धडधाकट मोटारीत हा करंट साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. लहान मोटारीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती दोन आठवड्यांत निम्म्यावर येते आणि जुनी असेल तर सेल्फ ‘टक टक’ करून गप्प बसतो.

कट-ऑफ स्विच बॅटरी आणि गाडी यांच्यातली मुख्य वायरच तोडतो. बॅटरीचं टर्मिनल पाना लावून काढल्यावर जे होतं तेच, फक्त पान्याशिवाय.

२. माझी गाडी रोज गांधीनगर–शाहूपुरी फिरते, तरी सकाळी बॅटरी उतरलेली असते. स्विच बसवला की मिटेल का?

नाही. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी एका रात्रीत बसत असेल तर कारणं तीनच. बॅटरी संपली आहे, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जनित्र) चार्ज करत नाही, किंवा कुठेतरी करंट चोरला जातोय. डिकीचा दिवा न विझणं, नवा स्टिरिओ चुकीच्या वायरला जोडणं, रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) चिकटून राहणं हे नेहमीचे गुन्हेगार. स्विच लावून तुम्ही दुखणं झाकाल आणि रोज रात्री बॉनेट उघडायची शिक्षा पदरात घ्याल. आधी चोरी शोधा. ती कशी, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

३. मग हा स्विच कोणाला खरोखर उपयोगाचा?

गाडी उभी राहणाऱ्याला. ऊस वाहतूक संपल्यावर चार-पाच महिने थांबणारा ट्रॅक्टर, तोडणी यंत्र, पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्याची गावाकडे ठेवलेली मोटार, हौसेनं जपलेली जुनी जीप किंवा फियाट. ट्रक, बस, टँकरला तर तो बऱ्याचदा कंपनीकडूनच येतो.

दुसरा गट जुन्या वायरिंगच्या गाड्यांचा. कापडी वेष्टणाच्या वायरा, फ्यूज दोनच, तेही कोणीतरी तार गुंडाळून ‘दुरुस्त’ केलेले. अशा गाडीला रात्री वीज मिळूच नये हे बरं.

नव्या, सेन्सरनी भरलेल्या मोटारीला आम्ही सहसा नको म्हणतो. कारण प्रश्न १५ मध्ये.

४. निगेटिव्हला बसवायचा की पॉझिटिव्हला? प्रत्येक वायरमन वेगळं सांगतो.

रस्त्यावरच्या साध्या गाडीला निगेटिव्हला. गाडीची बॉडी, इंजिन, चेसिस सगळं निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्हवर काम करताना पाना निसटून बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. पाना लाल होतो, कधी बॅटरीही फुटते. निगेटिव्हवर पाना बॉडीला लागला तर काहीच होत नाही. नंतर स्विचची टोपी निघाली, वायर घासली, तरीही धोका नाही.

एक अट मात्र आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून निघणारी प्रत्येक वायर स्विचच्या पलीकडे गेली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत जाड वायर इंजिनला आणि दुसरी बारीक बॉडीला जाते. जाड वायर स्विचवर घेतली आणि बारीक तशीच टर्मिनलवर राहिली, तर स्विच बंद असूनही गाडी जिवंत. शिवाय कोणी सेल्फ मारला तर सगळा करंट त्या बारीक वायरीतून जाऊ पाहतो आणि ती वितळते.

पॉझिटिव्हला स्विच घ्यायचं योग्य कारण म्हणजे रेसिंगची गाडी किंवा कंपनीनंच तशी केलेली रचना. जुन्या इंग्रजी गाड्यांचा अपवाद वेगळाच. त्यांत काहींची बॉडी पॉझिटिव्हला जोडलेली असते, तेव्हा नियम उलटा होतो. नियम लक्षात ठेवायचा तो असा: बॉडीला जी बाजू जोडली आहे ती तोडायची.

५. किती अँपिअरचा स्विच घेऊ?

स्विचवर दोन आकडे असतात. एक सतत वाहणाऱ्या करंटचा, दुसरा सेल्फच्या वेळी काही सेकंद सोसायचा. नुसता मोठा आकडा बघून घेऊ नका; तो बहुधा दुसरा असतो. लहान पेट्रोल मोटारीचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेल जीप किंवा ट्रॅक्टर ३०० आणि थंडीत त्याहून जास्त. लहान मोटारीला सतत १०० अँपिअरचा चालतो, डिझेलला २०० च्या खाली जाऊ नका.

वायर जुनीच वापरता आली तर उत्तम. नवी लागली तर मूळ वायरीपेक्षा बारीक कधीच नाही: पेट्रोल मोटारीला २५, डिझेलला ३५ ते ५० चौरस मिलिमीटर, आणि शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. ती घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला आम्ही परत पाठवतो.

६. प्रकार किती आणि त्यातला चांगला कोणता?

टर्मिनलवरच बसणारा, पिळायच्या नॉबचा पितळी स्विच काही शे रुपयांत येतो, वायर कापावी लागत नाही. खडबडीत रस्त्यावर नॉब ढिला पडतो, ही त्याची खोड. घरी उभ्या मोटारीला पुरे. त्याच पैशातला पात्याचा, खटका उघडण्याचा प्रकार नॉबपेक्षा भरवशाचा, पण उघडलेलं पातं कशाला टेकणार नाही एवढी मोकळी जागा हवी. ट्रॅक्टर-ट्रकला लाल किल्लीचा फिरता स्विच, पत्र्यावर बोल्टनं बसवायचा. केबिनमधून बटणावर चालणारा रिलेचाही येतो. त्यात बिघडायला आणखी एक गोष्ट वाढते, म्हणून आमची शिफारस नाही.

७. ऑनलाइन मागवलेला नॉबचा स्विच माझ्या मारुतीच्या टर्मिनलवर सैल बसतोय. पत्रा गुंडाळून आवळू का?

नको. जपानी पद्धतीच्या लहान बॅटरीचे खुंट बारीक असतात. त्यांचा निगेटिव्ह खुंट सुमारे १३ मिलिमीटरचा, तर बहुतेक नॉबचे स्विच सुमारे १८ मिलिमीटरच्या जाड खुंटासाठी बनवलेले. पत्रा, तार, डब्याचं झाकण यांनी स्पर्श नीट होत नाही आणि सेल्फच्या करंटला तिथेच ठिणगी पडते. बारीक खुंटावर चढवायची शिशाची किंवा पितळी तयार टोपी बॅटरीच्या दुकानात मिळते, तीच घाला. किंवा स्विच परत करून बारीक खुंटाचा मागवा.

८. स्विच कुठे बसवावा?

हात सहज पोचेल तिथे, पण चुकून लागणार नाही तिथे. पत्र्यावर बसवायचा स्विच बॅटरीच्या अगदी डोक्यावर नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि स्विच लावताना ठिणगी पडू शकते. सायलेन्सरजवळ नको. वायर जितकी आखूड तितकं बरं, म्हणून ‘केबिनमध्ये सीटखाली घेऊया’ म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, रोज लागणार आहे का? नसेल तर बॉनेटखालीच ठेवा.

ट्रॅक्टरला बॅटरीच्या पेटीच्या बाहेरच्या बाजूला, चिखलाच्या शिंतोड्यांपासून वर. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात उघडा पितळी स्विच एका मोसमात हिरवा पडतो. त्या भागात रबरी टोपीचा घ्या आणि जोडावर पेट्रोलियम जेली चोपडा. ज्या गाडीची डिकी फक्त विजेच्या बटणानं उघडते, तिच्या डिकीत स्विच ठेवू नका. बंद केल्यावर डिकी कशी उघडणार?

९. घरच्या घरी बसवता येईल?

हातात पाना धरता येत असेल तर टर्मिनलवरचा नक्कीच. अंगठी, कडं, घड्याळ काढा. इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि किल्ली गाडीत विसरू नका. वीज गेल्यावर काही गाड्या आपोआप लॉक होतात. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पहिल्यांदा निगेटिव्ह सोडवा. पॉझिटिव्हला हात लावायची गरजच नाही. खुंट सँडपेपरनं चकचकीत करा, स्विच चढवा, जुनी वायर स्विचच्या दुसऱ्या टोकाला आवळा. नॉब फिरवताना बॉनेटच्या झाकणाला, आजूबाजूच्या पत्र्याला काही टेकत नाही ना ते बॉनेट हळू खाली आणून बघा.

पत्र्यावर बसवायच्या स्विचला आखूड वायर आणि दोन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लागतात. इथे घरगुती उद्योग थांबवा. जाड वायरीचं थिंबल पक्कडीनं किंवा हातोडीनं दाबून होत नाही. त्याला हायड्रॉलिक दाबयंत्र लागतं. उद्यमनगरात हे काम करणारे भरपूर आहेत. वायरीचं माप घेऊन जा आणि समोर दाबून घ्या.

१०. इंजिन चालू असताना स्विच बंद केला तर काय होतं?

अल्टरनेटर जळू शकतो, आणि ईसीयूसुद्धा. बॅटरी ही अल्टरनेटरच्या विजेला आधार असते. बॅटरी बऱ्यापैकी चार्ज ओढत असताना ती अचानक तुटली, तर अल्टरनेटर तितक्या पटकन सावरत नाही आणि क्षणभर व्होल्टेज उसळतं. १२ व्होल्टच्या गाडीत संरक्षण नसेल तर ही उसळी १०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. डायोड, रेग्युलेटर, स्टिरिओ, ईसीयू, जे कमकुवत असेल ते जातं.

‘स्विच काढून बघ, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला’ ही जुनी तपासणी त्यामुळे आता कायमची बंद करा. त्यासाठी मीटर आहे: इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

यातच दुसरा गैरसमज लपलेला आहे. साधा कट-ऑफ इंजिन बंद करत नाही. पेट्रोल गाडी अल्टरनेटरच्या विजेवर चालू राहू शकते, आणि जुन्या पंपाचं डिझेल इंजिन तर विजेची वाटच बघत नाही. ते तार ओढूनच बंद होतं. कोल्हापूरला रेसिंगचं वेड जुनं, म्हणून ‘रेसिंगसारखा स्विच लावा’ असे प्रश्नही येतात. त्या स्विचमध्ये जादा संपर्कबिंदू असतात. एक इग्निशन तोडतो, दुसरा अल्टरनेटरची उसळी एका रेझिस्टरमधून जिरवतो. निळ्या त्रिकोणातलं लाल विजेचं चिन्ह ही त्याची खूण. तो साध्या स्विचसारखा दोन वायरींवर जोडला तर पैसे वाया.

११. इंजिन बंद केल्यावर लगेच स्विच बंद केला तर चालेल?

जुन्या ट्रॅक्टरला चालेल. नव्या गाडीला थांबा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही फिरत असतो. युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, वापरणारे बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांचे) ट्रक आणि मोटारी इंजिन बंद झाल्यावर नळीतलं द्रावण मागे खेचून घेतात. ते अर्धवट राहिलं तर नळीत खडे धरतात आणि बिल मोठं येतं. आत काही गुणगुणत असेल तोवर हात लावू नका. ट्रकच्या पुस्तिकेत किती मिनिटं ते लिहिलेलं असतं, तेच पाळा.

१२. स्विच बंद केल्यावर गाडीत काय काय पुसलं जातं? लॉक कसं करायचं?

घड्याळ शून्यावर, रेडिओची स्टेशनं गायब. काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. एका बोटात वर जाणाऱ्या खिडक्या ते विसरतात; पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत परत शिकतात. इंजिन पहिल्या दिवशी थोडं उचक्या देईल, ते सावरतं.

लॉकसाठी क्रम असा: बाकीचे दरवाजे आतून लॉक करा, स्विच बंद, बॉनेट खाली, मग चालकाचा दरवाजा किल्लीनं. बटणावर चालू होणाऱ्या गाडीतही रिमोटच्या पोटात धातूची किल्ली असते. ती कुलपात एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्यानं कुलूपच जाम झालेलं सापडतं.

मेमरी टिकवायची असेल तर स्विचला समांतर ५ किंवा १० अँपिअरच्या फ्यूजची बारीक वायर जोडतात. घड्याळ चालू राहतं, आणि कोणी सेल्फ मारला तर फ्यूज उडतो. पण मग बारीक करंटही चालूच राहतो. प्रश्न १ मधल्या कारणासाठी स्विच बसवत असाल तर ही वायर घालणं म्हणजे भांडं भरायचं आणि तळाला भोक ठेवायचं.

१३. चोरी टळेल का? विम्यात सूट मिळेल का? वॉरंटी जाईल का?

लपवलेला स्विच चोराला वेळ खायला लावतो, एवढंच. शेतावरून बॅटरीच उचलून नेणाऱ्याला तर तो उलट मदत करतो. विम्यातली चोरीरोधक सूट पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं मान्य केलेल्या उपकरणालाच असते, आणि ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये. हा स्विच त्यात बसत नाही. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका. टर्मिनलवरचा, काढता येणारा प्रकार घ्या आणि सर्व्हिसिंगला देताना काढून ठेवा.

वडापची जीप किंवा टॅक्सी असेल तर आणखी एक. एआयएस-१४० चा, म्हणजे प्रवासी वाहनांसाठीच्या सरकारी मानकाचा, ट्रॅकर मुख्य वीज तुटल्याचा संदेश पाठवतो. रोज रात्री स्विच बंद केला तर रोज रात्री संदेश जाईल.

१४. पूर येतोय आणि गाडी हलवता येत नाही. स्विच बंद करून ठेवू का?

हो, आणि वेळेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या पातळीला शिरतं ते २०१९ आणि २०२१ नंतर सगळ्यांना पाठ झालंय. पाणी रस्त्यावर आल्यावर बॉनेट उघडायला जाऊ नका.

बंद का करायचं? गाडीत पाणी शिरलं आणि बॅटरी जोडलेली असली की ओल्या कनेक्टरमधून करंट वाहतो आणि पिना खाल्ल्या जातात. हिरवी बुरशी दिसते ती तीच. वीज तोडलेली असेल तर वायरिंग धुऊन वाळवून वाचण्याची शक्यता बरीच वाढते. इंजिनात शिरलेल्या पाण्यावर मात्र स्विचचा काही उपाय नाही.

खरी गंमत पाणी ओसरल्यावर होते. माणूस येतो, स्विच लावतो, ‘चालू होते का बघू’ म्हणून सेल्फ मारतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी शिरलेल्या गाडीचा स्विच मेकॅनिकनं सांगेपर्यंत बंदच ठेवायचा, आणि गाडी टोचन करून न्यायची. फोटो काढून विमा कंपनीला आधी कळवा.

शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन अडकलेल्या ट्रकवाल्यांनी विचारलं होतं, रांगेत उभं असताना बंद करू का? पाणी चाकाला लागलेलं नसेल तर पार्किंग दिवे चालू ठेवणं जास्त महत्त्वाचं. स्विच बंद केला की तेही जातात.

१५. नव्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा डबा आणि बारीक वायर आहे. त्याचं काय?

तो बॅटरी सेन्सर आहे. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत हमखास असतो. बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशेब तो ठेवतो. नॉबचा स्विच सेन्सर आणि खुंट यांच्यामध्ये घालायला जागाही नसते आणि घालूही नये. फारच गरज असेल तर सेन्सर खुंटावर तसाच ठेवून त्याच्यापुढची, बॉडीकडे जाणारी वायर स्विचवर घ्यावी लागते. आमचं मत विचाराल तर अशा गाडीला स्विच लावूच नका. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगा राखणारा छोटा स्वयंचलित चार्जर लावून ठेवा.

इलेक्ट्रिक मोटारीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. तिला हात लावायचा नाही, कंपनीला विचारायचं.

१६. ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत, २४ व्होल्ट. दोघींना दोन स्विच?

एकच, आणि तो चेसिसला जाणाऱ्या निगेटिव्हवर. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या वायरीवर नको.

खरा सापळा वेगळा आहे. पुष्कळ ट्रकांत ड्रायव्हरनं १२ व्होल्टचा टेप किंवा चार्जर एकाच बॅटरीवरून, मधल्या जोडावरून घेतलेला असतो. आता निगेटिव्ह तोडला की काय होतं बघा. चेसिस बॅटरीपासून सुटते, पण वरच्या बॅटरीचा करंट २४ व्होल्टच्या एखाद्या चालू दिव्यातून चेसिसवर येतो आणि टेपमधून उलटा शिरून मधल्या जोडाला परततो. म्हणजे टेपला उलटी वीज मिळते आणि तो जळतो. ‘स्विच बंद केला आणि टेप गेला’ ही तक्रार बहुधा अशीच असते. उपाय म्हणजे मधला जोड काढून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवणे. तसंही एकाच बॅटरीवर भार टाकला की दुसरी जादा चार्ज होऊन लवकर मरते.

१७. करंट कुठे चोरला जातोय ते या स्विचनं शोधता येतं म्हणे?

येतं, आणि स्विचचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे. गाडी बंद, दरवाजे लावलेले. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून त्याच्या दोन तारा स्विचच्या दोन टोकांना लावा, स्विच चालू असतानाच. अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे संगणक) झोपतात. आता स्विच बंद करा. करंटला मीटरमधूनच जावं लागतं आणि मॉड्यूल जागे न होता खरा आकडा दिसतो. टर्मिनल काढून मीटर लावलं तर सगळी यंत्रणा जागी होते आणि आकडा फसवतो.

५० मिलीअँपिअरपेक्षा बराच जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा; ज्याला काढल्यावर आकडा पडतो ती चोराची गल्ली. या वेळी किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज उडेल.

१८. स्विच बसवल्यापासून सेल्फ जड फिरतोय आणि स्विच गरम होतोय.

कुठेतरी जोड कच्चा आहे. मीटर व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर स्विच किंवा त्याचा नट बघा. स्विच ठीक असेल तर तसंच प्रत्येक थिंबलवर तपासा. गरम झालेला नॉब आवळून बरा होत नाही, आतला पृष्ठभाग जळालेला असतो. बदला.

१९. स्विच बंद आहे, तरी हॉर्न वाजतो. असं कसं?

चेसिसला दुसरी वाट सापडली आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट आणि बॉडी यांच्यात मीटर लावा. स्विच बंद असताना शून्याजवळ दिसायला हवं. १२ व्होल्ट दिसले तर निगेटिव्ह टर्मिनलवर कुणाची तरी वायर राहिली आहे, बहुधा ॲम्प्लिफायरची, ट्रॅकरची किंवा प्रश्न ४ मधली बॉडीकडे जाणारी बारीक वायर.

२०. ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करायचंय. स्विच बंद केला की पुरे?

जुन्या ट्रॅक्टरला पुरे, पण वेल्डिंगची अर्थिंगची वायर वेल्डच्या जवळच लावा, दहा फूट लांब बोनेटला नको. नाहीतर करंट बेअरिंगमधून प्रवास करतो. ईसीयू असलेल्या गाडीला स्विचवर भागत नाही. ईसीयूचे प्लगही काढायचे.

२१. स्विच बंद ठेवला तर बॅटरी किती दिवस टिकेल?

शिशाची बॅटरी एकटी ठेवली तरी महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के उतरते, एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून जास्त. दर दोन महिन्यांनी मीटर लावा: १२.६ च्या वर भरलेली, १२.२ ला निम्मी. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. चार्जर लावताना स्विच बंदच असू दे, पण चार्जरचे दोन्ही चिमटे थेट बॅटरीच्या खुंटांवर लावा. काळा चिमटा बॉडीला लावलात तर चार्ज होणारच नाही. उलट दुसऱ्या गाडीवरून जंप देताना काळा चिमटा इंजिनाच्या धातूला लावतात, तेव्हा आधी स्विच चालू करा.